कृत्रिम लिपिड पटल (आयन वाहिन्यांच्या अभ्यासासाठी)

पेशीपटलातील आयन वाहिनी (आयनांना पटलातून आरपार जाऊ देणारे प्रथिन) पेशीबाहेर काढून, हाताने तयार केलेल्या लिपिडच्या दुपदरी थरात बसवून तपासण्याची प्रयोगपद्धती. जिवंत पेशीत अनेक वाहिन्या, पंप आणि नियंत्रक प्रथिने एकाच वेळी काम करतात. मोजलेला प्रवाह नेमका कोणामुळे, हे ठरवणे अवघड जाते. येथे मात्र लिपिड, दोन्ही बाजूंचे क्षार आणि विद्युत दाब हे सगळे प्रयोगकर्त्याच्या हाती असते.

पॉल म्युलर, डोनाल्ड रुडिन, टी टिएन व वेस्कॉट यांनी 1962 मध्ये असे पटल पहिल्यांदा वापरात आणले. क्षारद्रावणाच्या दोन कप्प्यांमध्ये टेफ्लॉनची भिंत असते. तिच्यातल्या बारीक छिद्रावर डेकेन या द्रावकात विरघळवलेले लिपिड ब्रशने लावतात. सुरुवातीला साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसतात. थर पातळ होत जातो तसे रंग विरतात, मग एखादा काळा ठिपका उमटतो आणि बघता बघता पसरतो. थराची जाडी आता जेमतेम 5 नॅनोमीटर असते. पुढच्या व मागच्या पृष्ठांवरून परतलेला प्रकाश एकमेकांना खोडतो, म्हणून पटल काळे दिसते. याच सुमारास पटलाची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढून स्थिरावते, आणि पटल तयार झाल्याची खातरी खरे तर त्यावरूनच करतात.

कोरे पटल आयनांना जवळजवळ अडवूनच धरते. म्हणून एक वाहिनी उघडली तरी प्रवाहात पायरी दिसते. 1 पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे 62 लाख एकसंयुजी (एकच प्रभार असलेले) आयन. ह्लाडकी व हेडन यांनी 1970 मध्ये ग्रॅमिसिडिन या प्रतिजैविकाच्या अशा पायऱ्या नोंदवल्या, तेव्हा पॅच क्लॅम्प हे, पेशीला काचनळी चिकटवून पटलाच्या छोट्या तुकड्यातला प्रवाह मोजण्याचे तंत्र यायला अजून सहा वर्षे होती. ग्रॅमिसिडिनचा एक रेणू अर्धेच पटल ओलांडतो. समोरासमोरच्या पदरांतले दोन रेणू जुळले की वाट खुली होते, सुटले की बंद.

डेकेनचा काही अंश पटलात उरतो आणि ते जाड करतो. मोंटाल व म्युलर यांनी 1972 मध्ये पाण्यावरचे दोन एकपदरी थर छिद्रापाशी जुळवून ही अडचण बरीच कमी केली. दोन पदरांत वेगवेगळे लिपिड ठेवणेही त्यामुळे जमले. मोठी प्रथिने आधी लिपिडच्या सूक्ष्म पुटिकांत (पोकळ गोळ्यांत) बसवतात व पुटिका पटलात विलीन करतात. स्नायुपेशीच्या आतील कॅल्शियम सोडणारी रायनोडिन वाहिनी अशीच अभ्यासली गेली. पेशीच्या आतल्या त्या पटलापर्यंत पॅच क्लॅम्पची काचनळी सहजी पोहोचत नाही.

पद्धतीची ही संवेदनशीलताच सर्वांत मोठा धोका आहे. नमुन्यात परक्या प्रथिनाचा लवलेश असला, तरी तोच पायऱ्या दाखवू शकतो. डिटर्जंटमुळेही तशा पायऱ्या दिसतात. त्यामुळे नुसत्या पायऱ्या दिसल्या म्हणून वाहिनी सापडली असे म्हणू नये. ओळखीचा रोधक घातल्यावर प्रवाह थांबतो का, आणि प्रथिनातले एखादे अमिनो आम्ल बदलल्यावर पायरीची उंची किंवा आयनांची निवड बदलते का, हे पाहिल्यावरच त्या प्रथिनावर बोट ठेवता येते.