शब्दकोड्याच्या सूत्रातील न्याय : स्वल्पविराम आणि विभक्ती

‘जुन्या नाण्याला नाद लागला, तेच नाथांचे गाव (3)’ हे शब्दकोड्याचे सूत्र मराठवाड्यातील वाचकांसमोर ठेवण्यासाठी मी मुद्दाम बेतले आहे; कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. वरवर वाचताना नाद लागणे म्हणजे छंद जडणे असे वाटते, पण उकल शब्दशः आहे. जुने नाणे म्हणजे पै (आपल्याकडच्या हाली सिक्क्यातही, म्हणजे निजामाच्या चलनातही, 12 पैंचा आणा होता), तिला लागून आलेला नाद म्हणजे ठण, आणि दोन्ही जोडले की पैठण. गूढ शब्दकोड्यात सूत्राचा एक भाग उत्तराचा अर्थ सांगतो आणि दुसरा त्याची घडण. या दोहोंमधली सांधेजोड झाकताना रचनाकाराने वाचकाला किती चकवावे, हा प्रश्न मात्र सुटायला बराच काळ लागला.

आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आले, तेव्हा त्यात केवळ सरळ अर्थ दिलेले होते. गूढ वळण इंग्लंडमध्ये मिळाले. एडवर्ड पॉविस मॅथर्स यांनी 1926 पासून 1939 मध्ये मृत्यू होईपर्यंत ‘ऑब्झर्व्हर’साठी कोडी रचली आणि त्यासाठी टॉर्केमाडा हे स्पॅनिश धर्मन्यायाधीशाचे नाव घेतले. त्यांची कल्पकता विलक्षण होती, पण सूत्र नेमके काय करायला सांगते हे ते प्रत्येक वेळी शब्दांत ठेवत नसत. त्यांच्यानंतर ‘झिमेनेस’ या नावाने डेरिक मॅकनट आले. दरम्यान ‘अफ्रिट’ या नावाने लिहिणाऱ्या ए. एफ. रिची यांनी 1949 मध्ये एक दंडक मांडला. रचनाकाराच्या बोलण्याचा वरवरचा अर्थ त्याच्या मनात नसला तरी चालेल, पण जे मनात आहे ते त्याच्या शब्दांत असलेच पाहिजे, असा त्याचा आशय होता. मॅकनट यांनी 1966 च्या आपल्या पुस्तकात हेच शास्त्रशुद्ध केले : अचूक अर्थ, न्याय्य घडण, आणि त्यापलीकडे एकही फालतू शब्द नाही. मॅकनट लॅटिन-ग्रीकचे शिक्षक होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्या भाषांत प्रत्ययावर अर्थ ठरतो, त्या शिकवणाऱ्या माणसाला व्याकरणाशी केलेली लबाडी खपणे कठीण होते.

विरामचिन्हांना मात्र या दंडकातून बरीच सूट मिळाली. स्वल्पविराम वाचकाला चुकीच्या जागी थांबवू शकतो, आणि उकल करताना तो बाजूला ठेवावा हा संकेत रुळला. इंग्रजी मोठ्या अक्षरांबाबत झिमेनेस यांचे अनुयायी अधिक कडक राहिले : सामान्यनामाला मोठे अक्षर देऊन चकवणे त्यांना चालते, विशेषनामाचे काढून घेणे चालत नाही. ‘गार्डियन’मध्ये 1958 पासून 2013 पर्यंत कोडी देणारे जॉन ग्रॅहम ऊर्फ अराउकेरिया यांनी असे नियम सैल ठेवले आणि तरीही वाचकांचे अपार प्रेम मिळवले. मराठीत आशा किंवा शरद लिहिताना हा प्रश्नच उद्भवत नाही.

आपला प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे मूळ आपल्या लेखनपरंपरेत आहे. परंपरेने जिचे श्रेय देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री याला दिले जाते, त्या मोडीत आधी सलग रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत. शब्दांमधली जागा आणि विरामचिन्हे तिच्यात नव्हती, त्यामुळे पद कोठे तोडायचे हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागे. आजची विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या प्रयत्नांनी मराठीत रुळली. त्याच्या कितीतरी आधी संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे, म्हणजे कोड्यांचे, 16 प्रकार सांगितले, आणि पूर्वाचार्यांनी याखेरीज 14 सदोष प्रकारही मानल्याची नोंद केली. त्यातली ‘समागता’ संधीच्या आड पदांची सीमा लपवते, आणि दंडी तिला सदोषांत टाकत नाही. म्हणजे न्याय्य कोडे आणि सदोष कोडे असा भेद आपल्याकडे पूर्वीच झालेला होता.

पदांची सीमा लपवण्याची ही सवलत आजच्या रचनाकारालाही मिळावी असे मला वाटते. ‘जाल ना?’ या प्रश्नातून जालना निघते. मधली मोकळी जागा आणि प्रश्नचिन्ह दोन्ही गळतात, आणि कंसातल्या 3 या आकड्यामुळे उत्तर एकच शब्द आहे हे वाचकाला कळलेले असते.

विभक्तीला मात्र ही सूट देता येणार नाही. पैठणच्या सूत्रातला स्वल्पविराम काढला तर कोडे थोडे अवघड होईल, अन्याय्य होणार नाही. पण ‘नाण्याला’ऐवजी ‘नाण्याचा नाद’ लिहिले तर हाती केवळ ठण उरते आणि पै गळून पडते. ‘नाण्यात नाद’ लिहिले तर वाचक ठण हा पैच्या आत बसवू पाहील, आणि पै तर एकाक्षरी आहे.