जंगल उत्तरेला, मोर्चा दुकानावर

कॅनडातलं सुमारे ९० टक्के जंगल सरकारी मालकीचं आहे. तोडीचे परवाने प्रांतिक सरकारं देतात. तेव्हा जंगल वाचवायचं तर भांडायचं सरकारशी, हे उघड आहे. तरी तिथले आंदोलक गेली तीसेक वर्षं लाकडाच्या आणि कागदाच्या दुकानांपुढे जाऊन उभे राहतात. ही वाट सापडली १९९३ साली.

त्या उन्हाळ्यात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या व्हँकूवर बेटावर, क्लॅक्वॉट साउंड भागात सरसकट तोडीविरुद्ध लोकांनी रस्ता अडवला. आठशेहून जास्त जणांना अटक झाली. सरकार फारसं हललं नाही. ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेने मग तोड करणाऱ्या मॅकमिलन ब्लोडेल या कंपनीला सोडून तिच्या गिऱ्हाइकांना गाठलं. १९९४ मध्ये ब्रिटनमधल्या दोन बड्या टिश्यू कंपन्यांनी तिच्याकडची खरेदी थांबवली, आणि १९९८ मध्ये खुद्द मॅकमिलन ब्लोडेलने सरसकट तोड बंद करत असल्याचं जाहीर केलं. जंगलात कुऱ्हाड चालवणाऱ्याला नाव नसतं, पण दुकानाला पाटी असते आणि तिची काळजीही असते. हिशेब एवढाच होता.

घरबांधणीचं सामान विकणाऱ्या ‘होम डेपो’ या अमेरिकी दुकानसाखळीवर तो पुरेपूर लागू पडला. कार्यकर्ते दुकानात शिरून तिथल्याच ध्वनिक्षेपकावरून, कुठल्या रांगेतलं लाकूड कुठल्या जंगलातून आलंय हे गिऱ्हाइकांना सांगायचे. ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की धोक्यातल्या जंगलांतलं लाकूड २००२ अखेरपर्यंत विक्रीतून काढू. मग कागद-स्टेशनरी विकणारं ‘स्टेपल्स’ आलं, पुढे ‘व्हिक्टोरियाज सीक्रेट’. अंतर्वस्त्रांच्या या ब्रँडचे रोज सुमारे दहा लाख कॅटलॉग टपालाने जात. २००६ मध्ये त्यांनीही कागद बदलण्याचं मान्य केलं.

तोवर लढा किनाऱ्यावरच्या पर्जन्यवनातून उत्तरेच्या बोरियल, म्हणजे थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलांच्या पट्ट्यात सरकला होता. तिथे स्प्रूस आणि पाइन थंडीत संथ वाढतात. त्यांचे तंतू लांब असतात, म्हणून टिश्यू कागदाला त्यांनी मजबुती येते. याच जुन्या जंगलात कॅरिबू हे उत्तरेकडचं हरीण राहतं. हिवाळ्यात ते जगतं लायकेनवर, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या गोतावळ्यावर. लायकेन साचायला अनेक दशकं लागतात. तोडीनंतर नवं रान उगवतं तेव्हा मूस हे दांडगं हरीण आणि इतर हरणं येतात, त्यांच्यामागून लांडगे, आणि लांडग्यांच्या तावडीत कॅरिबूही सापडतं. म्हणूनच ‘एक तोडलं तर एक लावलं’ हे उत्तर इथे अपुरं आहे.

क्लीनेक्स टिश्यू बनवणाऱ्या किम्बर्ली-क्लार्कविरुद्धची मोहीम २००४ ते २००९ चालली. कंपनीने शेवटी २०११ पर्यंत उत्तर अमेरिकेतल्या कागदासाठीचा ४० टक्के लगदा पुनर्वापराचा किंवा एफएससी प्रमाणित (जंगल जबाबदारीने सांभाळल्याची खूण असलेला) घेण्याचं कबूल केलं. मोहीम संपल्याच्या पुढच्याच वर्षी, मे २०१० मध्ये, २१ लाकूड कंपन्या आणि ९ पर्यावरण संस्थांनी बोरियल करार केला. २.९ कोटी हेक्टरांवर तोड थांबणार होती; महाराष्ट्राहून किंचित लहान एवढा तो टापू.

मला हा करार या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा विजय वाटतो, आणि सर्वांत मोठी चूकही. ज्यांच्या भूमीवर ही जंगलं आहेत त्या आदिवासी समाजांना वाटाघाटीत बोलावलंच नव्हतं. डिसेंबर २०१२ मध्ये ग्रीनपीस करारातून बाहेर पडली. बंदी असलेल्या भागात करारातलीच रिझोल्यूट ही लाकूड कंपनी रस्ते बांधतेय असा तिचा आरोप होता, पण काही महिन्यांत तो चुकीचा असल्याचं तिलाच मान्य करावं लागलं. रिझोल्यूटने ७० लाख डॉलरचा दावा ठोकला, पुढे अमेरिकेतही खटले झाले. करार मात्र हळूहळू विरून गेला.

(आपण यातून अगदीच बाहेर नाही. भारतीय वर्तमानपत्रांच्या आयात कागदात कॅनडा हा जुना पुरवठादार आहे.)

ब्रँडवरच्या दबावाला पुढे नवी जागा सापडली, ती भागधारकांच्या सभेत. ऑक्टोबर २०२० मध्ये टिश्यू कागदही बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गँबलच्या भागधारकांनी सुमारे ६७ टक्के मतांनी, व्यवस्थापनाच्या सल्ल्याविरुद्ध जाऊन, पुरवठ्यातली जंगलतोड कशी रोखणार याचा अहवाल मागणारा ठराव मंजूर केला.

आणि २०२१ मध्ये पुन्हा व्हँकूवर बेट. फेअरी क्रीकला जुन्या झाडांसाठी रस्ते अडले, अकराशेहून जास्त अटका झाल्या, १९९३ चा आकडा मागे पडला. मात्र तिथली तोड दोन वर्षांसाठी थांबली ती पाचीडाटसह तीन आदिवासी समाजांनी सरकारला दिलेल्या नोटिशीमुळे. तोडीच्या उत्पन्नात वाटा असलेल्या पाचीडाटच्या नेतृत्वाने त्याआधी आंदोलकांनाही निघून जायला सांगितलं होतं.