मनुष्यबळ व्यवस्थापन : महाराष्ट्रातील व्यवसायप्रवेश व सल्लासेवा

माणसे नेमणे, त्यांची हजेरी व पगार सांभाळणे, प्रशिक्षण देणे, तक्रारी ऐकणे, शिस्तभंगाची चौकशी चालवणे आणि नोकरी सोडताना हिशेब चुकता करणे ही कामे करणारा व्यवसाय. बोलताना सगळे एचआर म्हणतात. महाराष्ट्रात या व्यवसायात शिरण्याच्या ठळक वाटा दोन. एक कारखान्याच्या टाइम ऑफिसातून (हजेरी-पगाराच्या कार्यालयातून) जाते, दुसरी माहिती तंत्रज्ञान कंपन्या व भरती संस्थांमधून. दोन्हीकडच्या पदव्या आणि पदनामे सारखी दिसली तरी पहिल्या पाच वर्षांत हाताखालून जाणारे काम अगदी वेगळे असते, आणि पुढे सल्लागार म्हणून कोण कशावर उभा राहील हे बरेचसे तिथेच ठरते.

पूर्वपीठिका

मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार भरतीची सूत्रे दीर्घकाळ जॉबरच्या हाती होती. तोच माणसे आणी, तोच काम दाखवी, काढूनही तोच टाकी. नोकरीसाठी त्याला दस्तुरी (लाचेची रक्कम) द्यावी लागे आणि अडीनडीला कर्जही त्याच्याकडूनच मिळे. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरचा भरतीचा अधिकार काढून घ्यावा आणि मोठ्या कारखान्यांनी कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. मुंबई सरकारने १९३४ च्या औद्योगिक तंटा समेट कायद्यान्वये गिरणी कामगारांसाठी सरकारी कामगार अधिकारी नेमला. पाठोपाठ गिरणीमालकांच्या संघानेही आपला अधिकारी नेमला. आजच्या एचआर विभागाचे मूळ असे गिरणीच्या दारात आहे, आणि ते व्यवस्थापनशास्त्रापेक्षा लाचखोरीच्या बंदोबस्तातून आलेले आहे.

शिक्षणसंस्था त्याच काळात उभ्या राहिल्या. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. परळच्या बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूटची सुरुवात १९४७ ची. गिरणी कामगारांच्या चळवळीचे आद्य पुढारी, ज्यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आता या संस्थेला आहे. व्यावसायिकांच्या दोन संघटना होत्या : कलकत्त्याची १९४८ ची आणि मुंबईची १९५० ची. १९८० मध्ये त्या एकत्र येऊन नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट बनली.

सत्तरच्या दशकाच्या मध्यास अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील उदय पारीक व टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग सुचवला. भारतातील अशा विभागांची सुरुवात तिथून मानतात. पण त्या दिवसांत मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात संप, टाळेबंदी आणि वेतनकरार यांनीच या लोकांचा दिवस भरत असे. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला गिरणी संप हा त्या पर्वाचा कळस. १९९१ नंतर आणि विशेषतः हिंजवडी, ऐरोलीसारख्या भागांत संगणक कंपन्या आल्यावर विभागांच्या दारावरची ‘पर्सोनेल’ची पाटी जाऊन एचआरची लागली.

शिक्षण

मुंबईत टाटा संस्थेची मनुष्यबळ व कामगार संबंध या विषयाची एम.ए. आणि लोखंडे संस्थेची मास्टर ऑफ लेबर स्टडीज (एमएलएस) या जुन्या व नावाजलेल्या पदव्या आहेत. पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात एमपीएम (मास्टर ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट) आणि कामगार कायदे व कामगार कल्याण यांची पदविका (बोलीभाषेत डीएलएल) रुळलेली आहे. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था आणि कोल्हापूरची शाहू संस्था यांतून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन या क्षेत्रात आलेलेही पुष्कळ भेटतात. बाकी एचआर विषय घेऊन एमबीए तर जिल्ह्याजिल्ह्यात मिळते.

निवड करताना एक गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात. कामगार कल्याण अधिकारी या वैधानिक पदासाठी राज्य सरकारने मान्य केलेली पदवी किंवा पदविकाच लागते आणि प्रत्येक एमबीए त्यात बसत नाही. प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयाचे माहितीपत्रक वाचण्याऐवजी ही मान्यता तपासली, तर पुढची बरीच धावपळ वाचते. नोकरी करत संध्याकाळच्या वर्गातून डीएलएल किंवा एलएलबी करण्याची पद्धत पुण्यात, नाशकात जुनीच आहे. कामगार न्यायालयाच्या पायऱ्या चढायची वेळ आली की तिचे मोल कळते.

कामगार कल्याण अधिकारी

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ प्रमाणे ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात हा अधिकारी नेमणे बंधनकारक होते. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा २५० वर आणली आहे. म्हणजे चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी इथल्या मध्यम आकाराच्या कारखान्यांतही हे पद आले. नवख्या उमेदवारासाठी इतकी थेट, कायद्याने निर्माण केलेली जागा या व्यवसायात दुसरी नाही.

पद मात्र विचित्र आहे. पगार मालक देतो, कर्तव्ये सरकार ठरवते आणि विश्वास कामगारांचा मिळवायचा असतो. उपाहारगृह, पाळणाघर, पिण्याचे पाणी, रजा, तक्रारी, कामगार व व्यवस्थापन यांच्यातील बोलणी ही त्याची कामे. राज्यांनी नियम करताना ज्यांचा आधार घेतला त्या आदर्श नियमांत अशी तरतूद आहे की, या अधिकाऱ्याने कामगारांविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणे हाताळू नयेत, न्यायालयात मालकाच्या बाजूने कामगाराविरुद्ध उभे राहू नये. हेतू स्पष्ट आहे : सकाळी ज्याने अडचण विचारली त्यानेच दुपारी आरोपपत्र हातात ठेवू नये. प्रत्यक्षात अनेक कारखान्यांत एकच माणूस दोन्ही टोप्या घालतो. खर्च वाचतो, पण कामगार त्याच्यापाशी मोकळेपणाने बोलेनासा होतो, आणि मग गेटवर काय शिजते आहे हे व्यवस्थापनाला सर्वांत शेवटी कळते. कामगारांच्या भाषेचे पुरेसे ज्ञान ही या पदाची अट आहे. मराठीवर भागत होते तो काळ चाकणमध्ये सरला. आता हिंदी तर हवीच, आणि ओडिया वा भोजपुरी कानावर पडली तर निदान काय चालले आहे हे समजायला हवे.

शासकीय बाजूला राज्याच्या कामगार विभागात सरकारी कामगार अधिकारी असतात. महापालिका आणि एसटी महामंडळ यांनाही कामगार अधिकारी लागतात. केंद्रात भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या अंमलबजावणी अधिकाऱ्यांची निवड संघ लोकसेवा आयोग करतो.

कारखान्यातील पहिली वर्षे

सुरुवात बहुधा प्रशिक्षणार्थी किंवा टाइम ऑफिसातील सहायक म्हणून होते. हजेरीयंत्राचा तपशील आणि पाळीपत्रक यांचा मेळ घालणे, दुप्पट दराच्या ओव्हरटाइमचे तास काढणे, नव्या माणसाचा फॉर्म ११ (भविष्यनिर्वाह निधीचे घोषणापत्र) भरून घेऊन त्याचा जुना यूएएन (निधीचा कायम खातेक्रमांक) शोधणे, ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) नोंदणी, वारसाचे नाव, आधारवरच्या जन्मतारखेतली चूक. काम कंटाळवाणे आहे. पण महिन्याच्या १५ तारखेच्या आत पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) आणि ईएसआयचे चलान भरण्याची धांदल ज्याने दोन-तीन वर्षे केली, त्याला पगारपत्रकातला कोणताही रकाना कुठून आला हे सांगता येते. पीएफला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के. ईएसआयला मासिक २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर मालकाचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५ टक्के, व्यवसायकर फेब्रुवारीत ३०० रुपये, एरवी २००. हे आकडे पाठ करण्यात काही नाही, ते कुणाला केव्हा लागू होत नाहीत हे कळणे म्हणजे काम येणे.

दुसरा धडा कंत्राटी कामगारांचा. कंत्राटदाराने पीएफ भरला नाही तर जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणून त्याचे बिल मंजूर करण्यापूर्वी चलान आणि हजेरीपत्रक तपासणे हे नवख्याच्या वाट्याला येते. १८ जुलै २०१२ रोजी मारुतीच्या मानेसर कारखान्यातील हिंसाचारात मनुष्यबळ विभागाच्या महाव्यवस्थापकांचा बळी गेला. कायम आणि कंत्राटी यांच्या वेतनातली दरी, युनियनची मान्यता आणि शिस्तभंग हे प्रश्न एकत्र साचले की काय होते, याचे ते उदाहरण आजही वर्गात आणि बैठकांत निघते.

तिसरा धडा करार. युनियनचे मागणीपत्र आले की महिनोन्‌महिने बैठका चालतात. पगारवाढ, उत्पादनाचे प्रमाण, उपाहारगृहाचा दर, दिवाळी बोनस (कायद्याने किमान ८.३३, कमाल २० टक्के) सगळे एकाच टेबलावर येते. पिंपरी-चिंचवड भागात करार झाला की गुलाल उधळला जातो, पेढे वाटले जातात आणि दोन्ही बाजूंचा एकत्र फोटो निघतो. त्या फोटोत कडेला उभा असलेला, फायली सांभाळणारा तरुण कर्मचारी त्या काही महिन्यांत जे शिकतो ते कोणत्याही अभ्यासक्रमात बसवता आलेले नाही.

माहिती तंत्रज्ञान व भरती क्षेत्र

इथे सुरुवात भरतीपासून होते : नोकरीविषयक संकेतस्थळांवर बायोडेटा शोधणे, उमेदवारांना फोन, मुलाखतींच्या वेळा, ऑफर लेटर, पार्श्वभूमी पडताळणी. नोकरी डॉट कॉम १९९७ मध्ये सुरू झाल्यापासून हे काम फायलींतून पडद्यावर आले. कामाचे मोजमाप आकड्यांत होते आणि ऑफर घेऊन ऐनवेळी रुजू न होणारा उमेदवार ही रोजची डोकेदुखी. दोन वर्षांत प्रशिक्षण, कामगिरी मूल्यमापन किंवा वेतनरचना यांपैकी एखाद्या शाखेत सरकता आले नाही, तर माणूस फोनलाच बांधलेला राहतो. प्रवेश मात्र सोपा आहे, त्यासाठी विशिष्ट पदवीचा आग्रह नसतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना सुरुवातीला इंग्रजी संभाषणाची भीती वाटते, ती कामाच्या ओघात जाते.

सल्लासेवा

एचआर सल्लागार म्हटले की मोठ्या जागतिक कंपन्यांचे वेतन-सर्वेक्षण डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्रात संख्येने मोठा वर्ग मात्र वेगळाच आहे. एमआयडीसीतल्या ३०-४० कामगारांच्या कारखान्याला स्वतःचा एचआर परवडत नाही. त्याचे पीएफ, ईएसआय, वार्षिक विवरणपत्रे, निरीक्षकाची भेट हे सगळे ‘पीएफ कन्सल्टंट’ मासिक ठरावीक रकमेवर पाहतो. असे २०-२५ कारखाने जमले की एक छोटे कार्यालय चालते. हा धंदा ओळखीवर वाढतो आणि एका चुकलेल्या मुदतीवर तुटतो, कारण उशिराचे व्याज व दंड मालकाच्या खिशातून जातात.

याच्या वरच्या पायरीवर खातेनिहाय चौकशीचे काम आहे. चौकशी अधिकारी बाहेरचा, निःपक्षपाती असावा म्हणून निवृत्त कामगार अधिकारी आणि वकील यांना बैठकीमागे मानधन देऊन बोलावतात. निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस अर्धे वेतन निर्वाह भत्ता म्हणून द्यावे लागते, पुढे ७५ टक्के. त्यामुळे चौकशी रेंगाळली की मालक अस्वस्थ होतो. घाईत नैसर्गिक न्यायाचे तत्त्व डावलले तर कामगार न्यायालय ती चौकशीच रद्द ठरवू शकते. या दोन्हींच्या मधून वाट काढता येणे ही सल्लागाराची खरी किंमत. लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने (२०१३) दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती व तीवर एक बाहेरची सदस्य व्यक्ती आवश्यक केल्याने आणखी एक कार्यक्षेत्र खुले झाले.

श्रमसंहितांनी सध्या सल्लागारांची चलती आहे. २९ कायदे चार संहितांत आले. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा असल्याने कंपन्यांना पगाराची मांडणी बदलावी लागते. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आणि नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतनाचा हिशेब या तरतुदींनी जुनी ‘फुल अँड फायनल’ची ४५ दिवसांची सवय मोडावी लागणार आहे.

भरती सल्लागाराचे शुल्क नियोक्ता देतो. उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, हा जुना प्रघात. उमेदवार ठरलेल्या मुदतीत सोडून गेला तर दुसरा विनामूल्य द्यायचा. उमेदवाराकडून ‘नोंदणी फी’ उकळणारी दुकाने याच नावाखाली चालतात आणि साऱ्या व्यवसायाची अब्रू घालवतात. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. आखातात माणसे पाठवायची तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना हवा. मुंबई व गोव्यातून जहाजांवर खलाशी आणि कर्मचारी पाठवणाऱ्यांना नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरती व नेमणूक सेवा) परवाना वेगळा घ्यावा लागतो, आणि गोव्यात क्रूझवर नोकरी धरणारी मुले एजंटाला पहिला प्रश्न त्याच परवान्याच्या क्रमांकाचा विचारतात.