फ्रँकोनियन बोली

जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या उत्तर भागात, मुख्यतः माइन नदीच्या खोऱ्यात बोलल्या जाणाऱ्या जर्मन बोलींचा समूह. भाषाशास्त्रात त्यांना ‘पूर्व फ्रँकोनियन’ म्हणतात. न्यूर्नबर्ग, वुर्ट्सबुर्ग, बांबर्ग, बायरॉइट ही या पट्ट्यातील, म्हणजे फ्रँकोनियातील, मोठी शहरे. शेजारच्या बाडेन-व्युर्टेंबर्गचा ईशान्य कोपरा आणि थुरिंगियाचा दक्षिण भागही याच बोलींचा.

नावाने मात्र बराच घोळ होतो. भाषाशास्त्रज्ञ ‘फ्रँकोनियन’ हे नाव डच भाषेपासून कोलोनच्या बोलीपर्यंत सर्वांना लावतात. पण कोलोनचा माणूस स्वतःला ‘फ्रांक’ (फ्रँकोनियाचा) म्हणवत नाही, माइनकाठचा म्हणवतो. उलट आशाफेनबुर्ग हे शहर प्रशासनाच्या दृष्टीने फ्रँकोनियात असले, तरी तेथील बोली वेगळी. स्पेसार्टच्या डोंगराच्या पश्चिमेला, म्हणजे आशाफेनबुर्गच्या बाजूला, सफरचंदाला ‘आपेल’, पूर्वेला ‘आपफेल’. या सीमेला तिथले लोक गमतीने ‘सफरचंदाच्या दारूचे विषुववृत्त’ म्हणतात.

बोलीची खूण म्हणजे मऊ व्यंजने. प-ब आणि त-द यांतला भेद जवळजवळ पुसला जातो आणि उच्चार दोहोंच्या अधेमधे कुठेतरी होतो. ‘बाकन’ (भट्टीत भाजणे) आणि ‘पाकन’ (सामान बांधणे) कानाला सारखेच लागतात. म्हणून नावाचे स्पेलिंग सांगताना ‘कडक ब की मऊ ब?’ असा प्रश्न हमखास येतो. लघुत्वदर्शक ‘-ला’ प्रत्यय दुसरी खूण: अर्धा लिटर बिअर म्हणजे ‘साइडला’. न्यूर्नबर्गच्या टपरीवर ‘द्राइ इम वेग्ला’ मागितले, की बोटाएवढी तीन सॉसेजे पावात घालून मिळतात. पदार्थ कितीही आवडला तरी दाद मिळते ती ‘बास्त शो’, म्हणजे ‘चालेल’ एवढीच. शिव्या घातल्या नाहीत म्हणजे पुरेसे कौतुक झाले, असे तिथे मानतात.

बोली एकसारखी नाही, तिला राजधानीही नाही, कारण हा प्रदेश पूर्वी वेगवेगळ्या सत्तांत वाटलेला होता. बांबर्ग आणि वुर्ट्सबुर्ग कॅथलिक बिशपांची, न्यूर्नबर्ग प्रॉटेस्टंट मुक्त नगर, आन्सबाख आणि बायरॉइट वेगळ्या सरदारांची. नेपोलियनच्या काळातील उलथापालथीत, 1803 ते 1814 दरम्यान, हे तुकडे टप्प्याटप्प्याने बव्हेरियाच्या पदरात पडले. कोबुर्ग तर 1920 मध्ये, लोकांचा कौल घेऊन आले. त्यामुळे ‘आम्ही फ्रांक’ या भावनेचा खरा आधार ‘आम्ही बव्हेरियन नव्हे’ हा आहे, असे म्हणायला हरकत नाही. लाल-पांढऱ्या ‘फ्रँकोनियन दाताळ्या’चा झेंडा घरांच्या अंगणात दिसतो. 2006 पासून 2 जुलै हा ‘फ्रँकोनिया दिन’ आहे. 1500 साली याच तारखेला फ्रँकोनियन साम्राज्य-मंडळ (पवित्र रोमन साम्राज्याचा एक विभाग) स्थापन झाले होते.

बव्हेरियाची राजधानी म्युनिक हिच्याविषयीची जुनी अढी कलेतही डोके वर काढते. न्यूर्नबर्गचा सुपुत्र आल्ब्रेख्ट ड्यूरर याने 1500 मध्ये रंगवलेले आत्मचित्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून म्युनिकमध्ये आहे. 2012 मध्ये न्यूर्नबर्गच्या प्रदर्शनासाठी ते काही महिने मागितले, तेव्हा चित्र नाजूक असल्याचे कारण देऊन नकार मिळाला आणि वाद थेट राजकारणात पोचला. चित्र म्युनिकमध्येच राहिले.