फ्रीजमधला टक्क आवाज

जूनमधली रात्र, फोंड्याला धो धो पाऊस, लाईट गेली आणि अर्ध्या मिनिटात परत आली पण. मग स्वयंपाकघरातून आवाज, घुंऽऽ आणि टक्क. थोडा वेळ सामसूम, की परत घुंऽऽ, टक्क. आई उठून आली, "गेला रे फ्रीज, आत बांगडे आहेत!" १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणून आधीच घेऊन फ्रीजर भरून ठेवलेला, तिचा जीव त्या बांगड्यांत.

मी प्लग काढला, दहा मिनिटं थांबलो, परत लावला, फ्रीज चालू. यात हुशारी काही नाही, भौतिकशास्त्र आहे.

कॉम्प्रेसर गॅस दाबून जाळीत ढकलतो, तिथे उष्णता बाहेर टाकून त्याचं पातळ द्रव होतं (नव्या फ्रीजमध्ये ही जाळी बाजूच्या पत्र्याआड असते, म्हणून बाजू गरम लागतात, घाबरू नका). मग ते द्रव कॅपिलरी नावाच्या अगदी बारीक नळीतून आत येतं, दाब एकदम उतरतो आणि ते उकळायला लागतं. हो, फ्रीजमध्ये उकळतं, कारण आता बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये हा गॅस म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो साध्या हवेच्या दाबाला उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो, त्याला लागणारी उष्णता तो तुमच्या दुधा-माशांकडून ओढून घेतो.

लाईट गेली की एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि त्या बारीक नळीतून तो सारखा व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधीच लाईट आली तर साध्या कॉम्प्रेसरच्या मोटरला तो दाब रेटून फिरताच येत नाही, ती नुसती घुं करत भरमसाठ करंट खेचते, तापते आणि ओव्हरलोड नावाचा छोटा भाग करंट तोडतो, टक्क. म्हणजे तो आवाज मोटर वाचल्याचा. थांबूनही टक्क टक्क चालूच राहिलं तर मात्र व्होल्टेज कमी असेल नाहीतर रिले (मोटर सुरू करून देणारा छोटा भाग) गेला असेल, तिथे मेकॅनिकच हवा. आमच्याकडे पावसात लाईटचा खेळ रोजचाच, त्यामुळे थोडं थांबून करंट सोडणारा स्टॅबिलायझर घेतलेला बरा.

बाकीचे आवाज बहुतेक निरुपद्रवी. बंद झाल्यावर गुडगुड, तो नळीतून जाणारा गॅस. कट्कन तडकल्यासारखं, ते थंडी-गरमीने आकसणारं प्लास्टिक. फ्रॉस्ट-फ्री (आतला बर्फ हीटरने आपोआप वितळवणारा) असेल तर मधेच चर्रर्र, हीटरवर पडणारं बर्फाचं पाणी. खडखड नवीन असेल तर वर हात दाबून बघा, थांबली तर पाय डुगडुगतोय किंवा भिंतीला टेकलाय, आमच्याकडे तर वर ठेवलेला स्टीलचा डबाच वाजत होता आणि मी आठवडाभर कॉम्प्रेसरला शिव्या घालत होतो.

पावसाळ्यात दाराच्या रबरावर पाणी सुटतं, ते दमट हवेमुळे. पण दारात दहाची नोट अडकवून बघा, सहज सुटून आली तर रबर सैल झालंय, साबणाच्या पाण्याने पुसून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच परत नीट बसतं. भाजीच्या ट्रेखाली तळं साचलं तर मागच्या बाजूला आत पाणी जायचं भोक बुजलंय, थोडं कोमट पाणी सोडा. समुद्राजवळ राहत असाल तर खारी हवा मागच्या उघड्या जाळीला गंज आणते, प्लग काढून ब्रशने धूळ काढत जा.

आणि बर्फ सुरीने खरवडू नका. पातळ पत्र्याला भोक पडलं की गॅस गेला, आणि आयसोब्युटेन पेटणारा वायू आहे, एलपीजीचाच भाऊबंद.

बांगडे वाचले. पण आईने दुसऱ्याच दिवशी सगळे तळून टाकले, म्हणे या फ्रीजचा काय भरवसा.