पार्श्वभूमी : ‘ड्रायव्हर लोड आहे’ म्हणजे नेमकं काय?

कोल्हापुरात राजारामपुरीत दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपबद्दल गिऱ्हाईक हमखास सांगतं, ‘वायफायचा ड्रायव्हर गेलाय.’ ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर तो बहुधा मॉड्यूल म्हणून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला (कर्नलला) गरजेनुसार जोडायचा तुकडा म्हणून येतो. आपण एलएसमॉड ही लोड झालेल्या मॉड्यूलांची यादी दाखवणारी कमांड मारतो, यादीत मॉड्यूल दिसतं, आणि निदान ठरतं की ड्रायव्हर लोड आहे, म्हणजे कार्डच गेलं. नवं कार्ड घेतलं जातं आणि पुष्कळदा तो खर्च पाण्यात जातो. मॉड्यूल मेमरीत येणं वेगळं आणि त्यानं हार्डवेअरचा ताबा घेणं वेगळं.

घोळाचं मूळ ‘प्रोब’ या शब्दात आहे. उद्यमनगरातल्या जुन्या मशीनचा पीसी उघडून ज्यांनी आयएसए या जुन्या जोडणीचं कार्ड हातात घेतलंय, त्यांना जंपरच्या त्या बारीक पिना आठवत असतील. कार्डाशी बोलायचा पत्ता (पोर्ट) आणि कार्डानं प्रोसेसरला हाक मारायची ओळ (आयआरक्यू) त्यांवरूनच ठरायची. कार्ड स्वतःची ओळख सांगायचं नाही. मग ड्रायव्हरच नेहमीच्या पोर्टांवर जाऊन काही बाइट लिहून-वाचून चाचपायचा. हा मूळचा प्रोब. तिथं भलतंच कार्ड बसलेलं असलं तर मशीन जागच्या जागी अडकायचं. म्हणून ‘या पोर्टांना हात लावू नको’ असं कर्नलला बजावणारा ‘रिझर्व्ह’ हा बूट पॅरामीटर, म्हणजे मशीन सुरू होताना द्यायची सूचना, होता.

१९९२ मध्ये पीसीआय ही नवी जोडणी आली आणि चाचपणं संपलं. प्रत्येक उपकरणाला २५६ बाइटांची कॉन्फिगरेशन जागा मिळाली. तिचे पहिले चार बाइट म्हणजे उत्पादक क्रमांक आणि उपकरण क्रमांक. इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ इथूनच ओळखीचा. ड्रायव्हर आपल्याला चालणाऱ्या क्रमांकांचा तक्ता जवळ ठेवतो, डेपमॉड हे साधन त्यातून मॉड्यूल्स-डॉट-एलियास ही फाइल बनवतं, आणि कर्नलनं उपकरण दिसल्याची वर्दी दिली की मॉडप्रोब हे साधन त्यातून जुळणारं मॉड्यूल आणतं. नाव मात्र ‘प्रोब’च राहिलं. आता ते जुळणी झाल्यानंतर कर्नल बोलावतं त्या फंक्शनचं नाव आहे. पूर्वी उपकरण शोधण्यासाठी प्रोब होता, आज उपकरण सापडल्यावर प्रोब होतो. तो फसला तरी मॉड्यूल यादीत तसंच बसून राहतं.

२००३ च्या सुमारास यूडेव्ह आलं. कर्नलची ही वर्दी ऐकून पुढची कामं करणारं हे कर्नलबाहेरचं साधन. त्यावरून २०१२ मध्ये वाद पेटला. कित्येक ड्रायव्हर प्रोबमध्येच फर्मवेअर, म्हणजे कार्डात भरायचा त्याचा स्वतःचा प्रोग्राम, मागतात. ती फाइल यूडेव्ह पुरवायचं. आणि उपकरण आधीच हजर असेल तर प्रोब मॉड्यूल लोड होतानाच चालतो. मग मॉड्यूल फर्मवेअरसाठी थांबलेलं, आणि फर्मवेअरची मागणी त्याच मॉड्यूलच्या मागं रांगेत! टाइमआउट संपेपर्यंत बूट रखडायचं. यूडेव्हकडचं म्हणणं, ड्रायव्हरनी प्रोबमध्ये वाट बघू नये. कर्नलकडचं म्हणणं, वर्षानुवर्षं चालत आलेलं मोडायचं नाही. माझ्या मते कर्नलकडची बाजू बरोबर होती. शेकडो ड्रायव्हर बदला म्हणणं सोपं, पण भोगतो तो दुकानात लॅपटॉप घेऊन येणारा माणूस. डिसेंबर २०१२ च्या ३.७ कर्नलपासून कर्नल फर्मवेअरची फाइल डिस्कवरून स्वतःच वाचू लागलं.

त्याच वर्षी ३.४ मध्ये ‘थांबून परत प्रोब’ करण्याची सोयही आली. गरजेचा क्लॉक (ठोके देणारा भाग) किंवा रेग्युलेटर (वीज पुरवणारा भाग) अजून तयार नसेल तर ड्रायव्हर उणे ५१७ हा एरर क्रमांक परत करतो आणि त्याची पाळी पुन्हा येते. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांवर याचा मोठाच आधार झाला.

म्हणून कार्डाला दोष देण्याआधी एलएसपीसीआय डॅश-के ही कमांड चालवून बघावं. ‘कर्नल मॉड्यूल्स’ची ओळ आहे, पण ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ची नाही, तर मॉड्यूल माहीत आहे, ताबा मात्र घेतलेला नाही. परवा दुकानात आलेल्या एका लॅपटॉपवर हेच होतं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, फर्मवेअरच्या नावापुढं उणे २ हा एरर क्रमांक आलेला, म्हणजे फाइलच सापडली नव्हती. ती लिब-फर्मवेअर या फोल्डरमध्ये टाकली, मॉड्यूल काढून परत लावलं, आणि जुन्याच कार्डावर नेटवर्कची यादी आली.