गोचीड वर चढतो, पिसवेची अंडी खाली पडतात

कुत्रे अंग खाजवू लागले की सातारा-सांगलीकडे ‘गोचीड-पिसवा झाल्यात’ असे एका दमात म्हटले जाते आणि एकाच डब्यातील पावडर दोन्हींसाठी भुरभुरली जाते. रक्त पिणे एवढी एक गोष्ट सोडली तर या दोघांत साम्य फारसे नाही. गोचीड हा कोळी-विंचवांच्या कुळातला आठ पायांचा जीव आहे, तर पिसू हा सहा पायांचा, बिनपंखी, दोन्ही कुशींनी चपटा असलेला कीटक आहे. केस बाजूला केल्यावर कानात, मानेखाली किंवा पायाच्या बोटांच्या बेचक्यात एखादा दाणा कातडीला घट्ट चिकटून राहिला, तर तो गोचीड. आणि शेपटीच्या मुळाशी काहीतरी तपकिरी सरसर पळून बोटाखालून उडी मारून निसटले, तर ती पिसू.

पिसू दिसतेच असे मात्र नाही. मांजर स्वतःला चाटून स्वच्छ करताना बऱ्याच पिसवा गिळून टाकते. अशा वेळी बारीक फणीने विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच पचलेले रक्त होय. कृष्णाकाठच्या काळ्या रानातून फिरून आलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ही परीक्षा विशेष उपयोगी पडते, कारण मातीचे कण तांबूस होत नाहीत.

खरा फरक या दोघांच्या घराबाहेरील नव्हे, घरातील वास्तव्यात आहे. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी गोचीड कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि भिंतीने वर चढून फटीत शिरते. तेथे ती हजारोंनी अंडी घालून मरून जाते. वाईतील जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती, तुळयांच्या सांधी, चौकटीमागच्या भेगा तिला फार मानवतात. तिची पिल्ले आणि त्यापुढील अवस्थाही रक्त पिऊन झाल्यावर दर वेळी खाली उतरतात, आणि पूर्ण वाढलेला गोचीड काहीही न खाता कित्येक महिने तग धरतो. पिसवेचे उलट आहे. ती अंगावरच राहते, दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते, पण ती गुळगुळीत अंडी केसांत न टिकता घरंगळून अंथरुणात, पायपुसण्यात, फरशीच्या सांध्यांत पडतात. तेथेच अळी होते आणि तेथेच कोष. कोषातील पिसवेपर्यंत बहुतेक औषधे पोचत नाहीत, आणि पावलांची कंपने किंवा ऊब जाणवेपर्यंत ती आत वाट पाहत राहते. मे महिन्यात गावाला गेलेले मिरजेतील कुटुंब परतून कुलूप उघडते आणि पहिल्याच संध्याकाळी सर्वांच्या घोट्यांवर चावे उठतात, ते यामुळे. म्हणून गोचिडासाठी भिंतीच्या फटी बुजवाव्या लागतात, तर पिसवांसाठी अंथरूण गरम पाण्यात धुऊन जमीन रोज झाडावी लागते आणि प्राण्यावरील औषध निदान तीन महिने चालू ठेवावे लागते.

आजारही वेगळे आहेत. गोचिडामुळे कुत्र्याला एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्तातील आजार होतात. ताप, खाणे सोडणे, फिकट हिरड्या, नाकातून रक्त येणे किंवा काळ्या चहासारखी लघवी यांपैकी काहीही दिसले तर रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. गोचीड काढून टाकला म्हणजे ताप आपोआप उतरेल, या भरवशावर राहू नये. पिसवेमुळे मुख्यतः खाज आणि तिच्या लाळेची ॲलर्जी होते, आणि लहान पिल्लांत रक्त कमी होते. पिसू गिळली गेल्यास प्राण्याच्या पोटात पट्टकृमी होतो, ज्याचे तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे शेपटीखाली चिकटलेले दिसतात. जंताचे औषध देऊनही ते पुन्हा दिसले तर औषधाला दोष देण्याआधी पिसवा पाहाव्यात.

चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल, उदबत्तीचा चटका, नखाने चिरडणे हे आपल्याकडील प्रकार टाळलेले बरे.

सर्वांत धोक्याची चूक मांजराच्या बाबतीत होते. गोठ्यात फवारायचे सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन, अथवा कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन असलेले औषध उरले म्हणून मांजरालाही लावले जाते, आणि मांजराचे यकृत ते नीट निकामी करू शकत नसल्याने काही तासांत लाळ गळणे, कापरे भरणे आणि झटके सुरू होतात. अंगावरील औषध कोमट पाण्याने व भांडी घासायच्या सौम्य साबणाने धुऊन, टॉवेलात गुंडाळून मांजराला लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे आणि औषधाची बाटली सोबत घ्यावी. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या आसपास राहणाऱ्यांना तो दवाखाना जवळ आहे, इतरांनी तालुक्याच्या दवाखान्याचा फोन नंबर आधीच लिहून ठेवावा.